ताई, तासांचं काय भरू?

(बंगळुरूत नोकरी करणाऱ्या मराठी तरुण-तरुणींच्या अभ्यासवर्गात, जून महिन्यातल्या एका रविवारी केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आज रविवार आहे म्हणून आपण इथे जमू शकलो. हॉल बुक करताना, तारीख ठरवताना कुणीही विचारलं नाही की रविवारच का. विहारातली वंदना रविवारी, अभ्यासवर्ग रविवारी, जयंती समितीची बैठक रविवारी, गावाकडे आईला निवांत फोन करायचा तोही रविवारी. हा वार आपल्याला कुणी बक्षीस दिलेला नाही. दोन-चार दिवसांपूर्वी १० जून होऊन गेला. १८९० साली याच दिवशी मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांना आठवड्याची सुट्टी मान्य केली. त्यामागे सहा वर्षांची खटपट होती. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि सत्यशोधक कार्यकर्ते. त्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारला दिलं. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा झाली, तिथे दोन कामगार बायाही बोलल्या. त्यांची भाषणं कशी झाली असतील, याचा मी बरेचदा विचार करते.

मला आज तासांबद्दल बोलायचं आहे. विषय दिला होता ‘आयटी आणि सेवा क्षेत्रातले कामाचे तास’. मी गेली बारा वर्षं याच शहरात, याच क्षेत्रात आहे. टेस्टर म्हणून लागले, आज एका टीमची डिलिव्हरी सांभाळते. त्यामुळे आकडे मला दोन्ही बाजूंनी माहीत आहेत. मी तास दिलेही आहेत आणि घेतलेही आहेत. घेतले ते आधी सांगते.

काही वर्षांपूर्वी माझ्या टीममध्ये एक मुलगा होता. यवतमाळकडचा, घरातला पहिला इंजिनिअर. टीममध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून तो मला ताई म्हणायचा. दर शुक्रवारी संध्याकाळी टाइमशीट भरायची असते. पहिल्याच महिन्यात तो माझ्या डेस्कजवळ आला आणि हळूच विचारलं, “ताई, तासांचं काय भरू?”

त्या आठवड्यात त्याचे पासष्ट तास झाले होते. मला माहीत होतं, कारण त्यातल्या दोन रात्री मी स्वतः कॉलवर होते. मी म्हटलं, “चाळीस भर.”

त्याने का म्हणून विचारलं नाही. चाळीस भरले आणि गेला.

मी असं का सांगितलं हे समजायचं तर आपलं क्षेत्र पैसे कसे कमावतं ते बघायला हवं. तुमच्यातले काही जण अजून कॉलेजात आहेत, म्हणून सोपं करून सांगते. सेवा देणारी कंपनी वस्तू विकत नाही, माणसांचे तास विकते. करार साधारण दोन प्रकारचे असतात. एकात ग्राहक माणसाच्या तासाप्रमाणे पैसे देतो, पण आठवड्याला माणशी चाळीस तासच त्याने मंजूर केलेले असतात. एकेचाळिसावा तास लावायचा तर त्याची परवानगी मागावी लागते, आणि ती मागायची मॅनेजरची इच्छा नसते. दुसऱ्या प्रकारात संपूर्ण कामाची किंमत आधीच ठरलेली असते. काम इतक्या तासांत होईल असा अंदाज बांधून किंमत लावलेली असते. तास वाढले की नफा कमी झालेला कागदावर दिसतो. म्हणजे दोन्हीकडे वरचे तास कागदावर येऊ नयेत अशीच सोय आहे. कुणी लेखी आदेश देत नाही, त्याची गरजही पडत नाही. माझ्यासारखी एखादी ताई शुक्रवारी संध्याकाळी “चाळीस भर” म्हणते आणि काम होऊन जातं.

आता पुढचं ऐका. आमचा तो प्रकल्प वेळेत संपला. पुढच्या प्रकल्पाचा अंदाज बांधताना मागच्या टाइमशीट काढल्या गेल्या. अंदाज असाच बांधतात. त्यात दिसलं की अशा प्रकारचं एक मोड्यूल एक माणूस आठवड्याला चाळीस तासांत करतो. मग नव्या कामातही तेवढंच धरलं. प्रत्यक्षात लागले होते पासष्ट. म्हणजे खोटा आकडा नुसता फाइलमध्ये पडून राहिला नाही, तो पुढच्या कामाचं माप झाला. त्या मापाने चाळीस तासांत काम होणं शक्यच नव्हतं. मुलगा आजारी पडला, दोन मुदती चुकल्या. मग एचआरसोबत बैठक झाली. त्यांच्यासमोर तक्ता होता: मागच्या वर्षी हेच काम याने चाळीस तासांत केलं, यंदा जमत नाही, म्हणजे लक्ष कमी झालंय. त्याला ‘पीआयपी’वर टाकलं. सुधारणेची मुदत म्हणतात त्याला, पण बहुतेकांना ती निरोपाची मुदत वाटते. मुदत संपायच्या आत त्याने राजीनामा दिला.

त्या तक्त्यातला चाळीसचा आकडा माझा होता. बैठकीत मीही बसले होते आणि गप्प होते.

मित्रमैत्रिणींनो, आता सरासरीकडे येऊ. तुम्ही बातम्यांत वाचता, अमुक क्षेत्रात आठवड्याचे सरासरी इतके तास. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या आकडेवारीनुसार भारतात काम करणारा माणूस आठवड्याला सरासरी सुमारे सत्तेचाळीस तास काम करतो, आणि निम्म्याहून थोडे जास्त लोक ४९ किंवा त्याहून अधिक तास. सरासरी खोटी नसते. पण ती काढताना कुणाला मोजलं आणि कुणाला वगळलं, हे आपण विचारलं पाहिजे. आपल्याला ही सवय असायला हवी, कारण आपली माणसं कायम वगळलेल्यांच्या रकान्यात राहिली आहेत.

माझ्या मजल्यावरचा हिशोब सांगते. हे सर्वेक्षण नव्हे, माझ्या वहीतली एका आठवड्याची नोंद आहे. टीममध्ये दहा जण. पाच जण चाळीस तास करत होते, म्हणजे दोनशे. तीन जण पन्नास, म्हणजे दीडशे. दोघं पासष्ट, म्हणजे एकशे तीस. एकूण चारशे ऐंशी, भागिले दहा, सरासरी अठ्ठेचाळीस. कर्नाटकातला दुकाने आणि वाणिज्यिक आस्थापना कायदा १९६१ चा आहे. त्यात आठवड्याची मर्यादा अठ्ठेचाळीसच आहे. म्हणजे सरासरी काढली तर आमची टीम अगदी कायद्यात बसते. पासष्टवाले दोघं त्यात दिसतच नाहीत.

ते दोघं कोण होते? एक तो यवतमाळचा मुलगा. दुसरी तेलंगणातली एक मुलगी, तीही घरातली पहिली पदवीधर. दोघंही शिष्यवृत्तीवर शिकलेले. हा योगायोग आहे असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. आज तसं म्हणवत नाही. शनिवार-रविवारच्या रिलीजला कुणाला बसवायचं हा प्रश्न आला की आम्ही काय बघायचो? कोण नाही म्हणणार नाही, ते बघायचो. ज्याचे वडील स्वतः कंपनीत अधिकारी होते, ज्याचा मामा दुसऱ्या कंपनीत आहे, ज्याचं या शहरात स्वतःचं घर आहे, तो सहज म्हणतो, “या आठवड्यात नाही जमणार.” त्याला माहीत असतं की ‘नाही’ म्हणून नोकरी जात नसते. आपल्या मुलाला हे कुणी सांगितलेलं नसतं. त्याच्या डोक्यात शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता असतो, धाकट्या बहिणीची फी असते, आणि काम न मिळता बेंचवर बसलो तर काय, ही भीती असते.

त्यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती म्हणजे मेरिट. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. तरीही आपल्यातल्या कित्येकांनी कॅंटीनमध्ये ‘कोट्यातले’ हा शब्द ऐकला आहे. मग आपण ठरवतो की एवढं काम करून दाखवायचं की कुणाची बोलायची हिंमत होणार नाही. मी स्वतः पहिली चार वर्षं असंच केलं. इंग्रजीतला चार ओळींचा मेल मी तीन वेळा लिहायचे. सोबतची मुलगी तो पाच मिनिटांत पाठवायची, मला वीस मिनिटं लागायची. हे वरचे तास कुठल्याच टाइमशीटमध्ये नसतात. इतकं करूनही शंका घेणाऱ्याची शंका जात नाही. दहा तास केले तर म्हणतात मेहनती आहे, हुशार तो दुसरा. आपल्या घामाला ‘मेहनती’ आणि दुसऱ्याच्या निवांतपणाला ‘हुशार’ म्हणणारी भाषा फार जुनी आहे. ती कॉम्प्युटरबरोबर आलेली नाही.

प्रवासही धरा. ऑफिस व्हाइटफील्डला. जवळचं घर बघायला गेले तर घरमालकिणीने आधी विचारलं, मांसाहार करता का, मग आडनाव विचारलं, मग म्हणाली, कळवते. तीन ठिकाणी असंच झालं. शेवटी इलेक्ट्रॉनिक सिटीच्या बाजूला खोली मिळाली आणि सिल्क बोर्डच्या चौकातून रोज येऊन-जाऊन चार तास. आठवड्याचे वीस तास झाले. हे वीस तास माझ्या आडनावाने खर्च केले असं म्हटलं तर तुम्हाला अतिशयोक्ती वाटणार नाही, कारण तुमच्यातल्या निम्म्यांनी असंच घर शोधलं आहे.

आता वगळलेल्यांकडे या. त्याच मजल्यावर दोन हाउसकीपिंगच्या बाया होत्या आणि दारावर आळीपाळीने दोन गार्ड. त्यांची बारा-बारा तासांची पाळी, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे माणशी बहात्तर तास. ते ठेकेदाराच्या पटावर असतात, म्हणून आमच्या क्षेत्राच्या सरासरीत येत नाहीत. मी एकदा त्यांना त्याच बेरजेत घातलं. चारशे ऐंशी अधिक चार गुणिले बहात्तर, म्हणजे सातशे अडुसष्ट, भागिले चौदा. सरासरी निघाली जवळपास पंचावन्न.

पंचावन्न हा आकडा लक्षात ठेवा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असतो, असं त्यांनी मांडलं. २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू लांबलेल्या कामाच्या तासांशी जोडले गेले. २०२४ मध्ये पुण्यात एका मोठ्या फर्ममधली २६ वर्षांची सनदी लेखापाल मुलगी वारली. तिच्या आईने लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. नंतर कामगार खात्याने तपासणी केली तेव्हा त्या कार्यालयाची दुकाने आणि आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती असं पुढे आलं. म्हणजे जिथे तास मोजायचे ती जागाच कायद्याच्या वहीत नव्हती.

या सगळ्यावर आपल्याला उपदेश काय मिळतो? २०२३ मध्ये याच शहरातल्या एका नामवंत उद्योजकांनी, नारायण मूर्तींनी, तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं सुचवलं. २०२५ च्या सुरुवातीला एका मोठ्या अभियांत्रिकी कंपनीच्या अध्यक्षांचं ९० तासांचं वक्तव्य गाजलं, आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार, असंही ते म्हणाले. ७० तास म्हणजे आठवड्याचे सहा दिवस धरले तर रोज जवळपास पावणेबारा तास. ९० म्हणजे रोज पंधरा. मग घरचं काम कोण करणार? सरकारच्याच २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७. या बायकांसाठी सत्तर तास हे पगाराच्या कामाआधीच निम्मे भरलेले असतात. मुलग्यांनो, हे मी तुम्हालाही सांगते आहे. जय भीम म्हणून घरी गेल्यावर भांडी कोण घासतं, तेही मोजा.

तुम्ही म्हणाल, ताई, यात जात कुठे? चांगल्या पगाराच्या नोकऱ्या आहेत, थोडं जास्त काम करावं लागतं, एवढंच. म्हणून थोडं मागे जाते.

महार वतन तुम्ही पुस्तकात वाचलं असेल. माझ्या आजोबांच्या तोंडी तो शब्द होता. वतनदार महाराला गावकीचं आणि सरकारचं काम करावं लागायचं. सांगावा पोचवणं, सरकारी सारा पोचवणं, अधिकाऱ्यांपुढे धावणं, मेलेलं ढोर ओढणं. मोबदला म्हणजे थोडी जमीन, बलुत्याचं धान्य आणि नाममात्र पैसे. पण कामाला वेळेची हद्द नव्हती. दिवस-रात्र कधीही हाक आली की उठायचं, आणि तो घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणीतरी जायचं. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं, ते याच गोष्टीवर. मोबदल्याचा प्रश्न होताच, पण एक अख्खा समाज चोवीस तास बांधून ठेवला होता, हा त्याहून मोठा प्रश्न होता. ती वतनं कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावं लागलं.

मी माझी नोकरी आणि वतन एकच आहे असं म्हणत नाही. मला पगार आहे, राजीनामा द्यायची मोकळीक आहे, एसीत बसते. तसं म्हणणं आजोबांवर अन्याय होईल. पण रात्री साडेअकराला फोन वाजतो, आणि मी ‘उपलब्ध’ आहे की नाही यावरून माझी निष्ठा मोजली जाते, तेव्हा मला त्या हाकेची आठवण येते. कामाला तास असणं, हे तास संपल्यावर माणूस स्वतःचा असणं, ही आपल्या घरांत फार अलीकडची गोष्ट आहे. माझे आई-वडील ऊसतोडीला जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयत्याला तास नसतात, टन असतात. पहाटे फडात, आणि गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला मोळ्या भरायच्या. आईला मी एकदा विचारलं, दिवसाला किती तास काम व्हायचं? ती म्हणाली, “तास कुणी मोजले गं? ऊस मोजायचे.”

म्हणून मला १९४६ चा कायदा महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे कारखान्यांचा पहिला कायदा १८८१ चा. पुढे १९२२ मध्ये आठवड्याची मर्यादा ६० तासांवर आली, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी ५४ वर. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्या काळात १९४५ मध्ये भरपगारी रजेची तरतूद झाली आणि १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांत आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. ४८ चा हा आकडा तिथून १९४८ च्या कारखाने कायद्यात गेला आणि पुढे राज्यांच्या दुकाने-आस्थापना कायद्यांतही दिसतो. माझ्या नेमणूकपत्रात ‘कामाचे तास’ असं एक कलम आहे. त्याच्यामागे १४ एप्रिलला आपण ज्यांच्या फोटोला हार घालतो त्यांची सही आहे, हे मला नोकरी लागून सात वर्षं झाल्यावर कळलं.

आता हीच मर्यादा ढकलली जाते आहे. कर्नाटकात कायद्याने दिवसाला ९ तास, जादा काम धरून १० तास, आणि तीन महिन्यांत जास्तीत जास्त ५० तास जादा काम, तेही दुप्पट दराने. माझ्या टीममधल्या त्या पासष्टवाल्यांचा हिशोब करा. आठवड्याला सतरा तास जास्त, तेरा आठवड्यांचे दोनशे एकवीस. कायदा सांगतो पन्नास. आणि दर? दुप्पट सोडा, शून्य. २०२४ च्या जुलैमध्ये आयटी क्षेत्रासाठी दिवसाला १२ तासांच्या पुढे काम घेता यावं आणि तिमाहीची मर्यादा १२५ तास व्हावी, असा प्रस्ताव इथे चर्चेला आला. केआयटीयू या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने रस्त्यावर येऊन विरोध केला. पुढच्या वर्षी पुन्हा १० आणि जादा धरून १२ तासांचा प्रस्ताव आला. महाराष्ट्रातही २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दिवसाचे ९ तास १० करायला मंजुरी दिली. जे आधीच चालू आहे ते कायदेशीर करून घ्यायचं, असा हा प्रकार आहे. आणि ते चालू आहे हे सिद्ध करणारी कागदपत्रं आपणच दर शुक्रवारी नष्ट करतो, चाळीस भरून.

शेवटी काय करायचं ते सांगते. मी काही क्रांतीची योजना आणलेली नाही. नोकरी सांभाळून जमेल एवढंच सांगते.

पहिलं, स्वतःची वही ठेवा. कागदाची. कंपनीच्या लॅपटॉपवर नको. तारीख, सुरू केलं किती वाजता, संपलं किती वाजता, रात्रीचा कॉल कुणाच्या सांगण्यावरून. दोन ओळी पुरतात. कंपनीकडे तुमच्या कार्डची आत-बाहेरची नोंद असतेच. उशिरा आलात तर ती बरोबर निघते, जादा तासांचा विषय निघाला की टाइमशीट निघते. तुमच्याकडे तुमची नोंद हवी.

दुसरं, नेमणूकपत्र वाचा. तास किती लिहिले आहेत, जादा कामाबद्दल काय लिहिलंय. ‘लीड’, ‘कन्सल्टंट’, ‘असिस्टंट मॅनेजर’ अशी पदं देऊन तुम्हाला व्यवस्थापनात धरलं जातं आणि कायदा लागू नाही असं सांगितलं जातं. कामगार कोण हे ठरवताना पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम बघायचं, असं न्यायालयांनी अनेकदा सांगितलं आहे. ज्याच्या हाताखाली कुणी नाही, ज्याला कुणाची रजा मंजूर करता येत नाही, तो मॅनेजर कसला?

तिसरं, खरे तास लेखी सांगा. भांडू नका, आरोप करू नका. साधा मेल: “या आठवड्यात या कामाला ५८ तास लागले, पुढच्या अंदाजात धरावेत.” एवढ्याने कुणी काढून टाकत नाही, आणि खोटा अंदाज पुढे तुमच्याच गळ्यात येण्यापासून वाचतो.

चौथं, एकटे राहू नका. नाही म्हणायला पाठीशी माणसं लागतात. दुसऱ्यांकडे मामा-काका आहेत, आपल्याकडे आपण आहोत. संघटनेत जा, निदान त्यांच्या सभेला जाऊन ऐका. या वर्गात कुणी नवं आलं तर त्याला पहिल्या दिवशीच सांगा की ‘नाही जमणार’ म्हटल्याने आभाळ कोसळत नाही.

पाचवं, तुमच्यातले काही जण पाच-सात वर्षांत माझ्या खुर्चीवर बसतील. आपला माणूस वर गेला म्हणून आपण टाळ्या वाजवतो. वाजवा. पण वर गेल्यावर शुक्रवारी संध्याकाळी कुणी तुमच्याजवळ येऊन विचारेल. तेव्हा तुम्ही काय उत्तर देता, प्रतिनिधित्वाचा अर्थ त्यावर ठरतो. आणि सरासरी काढाल तेव्हा दारावरच्या गार्डला आणि फरशी पुसणाऱ्या मावशीला बेरजेत धरा. त्यांची मुलं उद्या याच वर्गात येणार आहेत.

त्या मुलाचं काय झालं, हे तुम्ही विचारणार. तो गेल्यावर सहा महिन्यांनी मी एचआरला मेल लिहिला. कोणत्या आठवड्यात त्याचे प्रत्यक्ष किती तास झाले, आणि चाळीस भरायला मी सांगितलं होतं, हे दोन्ही लिहिलं. मला समज देण्यात आली. त्याची फाइल काही बदलली नाही. त्या मेलचा मजकूर मी त्यालाही कळवला. तो तोवर दुसऱ्या शहरात कामाला लागला होता. त्याचं उत्तर आलं: “ताई, लिहिलंत ते बरं केलंत. पण तेव्हा बोलायला हवं होतं.”

बरोबर आहे त्याचं. माझ्याकडे त्यावर उत्तर नाही. म्हणून आज रविवारी तुमच्यासमोर उभी आहे.

चहा घेण्याआधी एक काम करा. समोर कागद ठेवले आहेत. नाव लिहू नका, कंपनी लिहू नका. गेल्या आठवड्यात प्रत्यक्ष किती तास काम केलं आणि टाइमशीटमध्ये किती भरले, हे दोन आकडे फक्त लिहा आणि त्या डब्यात टाका. आपण बेरीज करू, आणि यावेळी सरासरीवर थांबणार नाही. सगळ्यात मोठा आकडा कुणाचा आहे, त्याच्यापासून सुरुवात करू.

जय भीम, जय जोती, जय सावित्री.